पागोळीखाली परात की तांब्या?

पावसाळ्यात कौलारू घराच्या ओटीवर उभे राहून तुम्ही पाऊस पाहिला असेलच. आभाळातून सगळीकडे सारखाच पाऊस पडत असतो. पण कौलांच्या कडेवरून मात्र पाण्याची एक बारीक धार ठराविक जागी गळत असते. तिला आपण पागोळी म्हणतो. आता समजा, कोणी तुम्हाला सांगितले, “मला फक्त पागोळीचे पाणी आणून दे. त्यात पावसाचे पाणी जितके कमी मिसळेल तितके चांगले.” तर तुम्ही पागोळीखाली काय ठेवाल?

परात ठेवली तर पागोळी सापडेल खरी, पण परातीच्या रुंद तोंडातून पावसाचे पाणीही भरपूर येईल. तांब्या ठेवला तर पाऊस कमी येईल. मग त्याहून अरुंद तोंडाची बाटली ठेवली तर? पाऊस आणखी कमी होईल हे खरे. पण पागोळीच बाटलीच्या तोंडापेक्षा जाड असेल, तर निम्मी पागोळी बाहेर सांडेल! म्हणजे भांड्याचे तोंड फार रुंदही नको आणि फार अरुंदही नको. ते पागोळीच्या जाडीएवढे हवे.

रेडिओचा ग्राही, म्हणजे रिसीव्हर, चालवणाऱ्यापुढे रोज हाच प्रश्न उभा असतो. मी महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवतो आणि फावल्या वेळात हौशी रेडिओचा छंद जोपासतो. सरकारी परीक्षा देऊन परवाना मिळवलेली, पैसे मिळवण्यासाठी नव्हे तर शिकण्याच्या आवडीने दूरदूरच्या लोकांशी रेडिओवरून बोलणारी माणसे जगभर आहेत. त्यांना हौशी रेडिओचालक किंवा ‘हॅम’ म्हणतात. हल्ली ही मंडळी रेडिओला संगणक जोडून अक्षरेही पाठवतात. अशा अंकीय पद्धतींनी येणारे क्षीण संदेश पकडताना ‘परात की तांब्या’ हा प्रश्न फार महत्त्वाचा ठरतो. या प्रश्नाचे माझे जुने उत्तर अर्धवट होते, हे मला एका विद्यार्थिनीमुळे कळले. तो प्रसंग पुढे सांगतोच. पण त्याआधी थोडी तयारी करू या.

गोंगाटाचा पाऊस

रेडिओवर केंद्र लागलेले नसताना जो ‘खस्स्’ असा आवाज येतो, तो म्हणजे गोंगाट. लघुलहरींवर तो मुख्यतः दोन ठिकाणांहून येतो. जगात कुठे ना कुठे सतत विजा चमकत असतात. त्यांच्या लहरी हजारो किलोमीटर प्रवास करून आपल्या तारेपर्यंत पोहोचतात. दुसरा उगम आपल्या घरातच असतो. विजेचे दिवे, मोबाइलचे चार्जर, मोटारी अशी उपकरणेही लहरी फेकत असतात. यांखेरीज ग्राहीतील विद्युत्‌भागांमधील इलेक्ट्रॉन उष्णतेमुळे सैरावैरा धावत असतात. त्यांच्यामुळे निर्माण होणारा गोंगाट जॉन्सन यांनी प्रयोगाने मोजला आणि नायक्विस्ट यांनी त्याचे गणित मांडले. दोघांचेही निबंध १९२८ साली प्रसिद्ध झाले.

नायक्विस्ट यांच्या सूत्रातली एक गोष्ट आपल्या कामाची आहे. गोंगाटाची शक्ती ही ग्राही एकावेळी कंप्रतांचा केवढा पट्टा ऐकत आहे, त्याच्या प्रमाणात असते. कंप्रता म्हणजे दर सेकंदाला होणाऱ्या कंपनांची संख्या. ती हर्ट्झमध्ये मोजतात. ग्राही २५०० हर्ट्झ रुंदीचा पट्टा ऐकत असेल आणि आपण तो २५० हर्ट्झ केला, तर गोंगाट एक दशांश होतो. विजांचा गोंगाटही, एवढ्या लहानशा पट्ट्यापुरता पाहिला, तर साधारण असाच सारखा पसरलेला असतो. तोंड दहापट लहान, तर पाऊस दहापट कमी. साधा हिशेब!

पट्टा रुंद किंवा अरुंद करणारा ग्राहीतला भाग म्हणजे फिल्टर. पूर्वी यासाठी क्वार्ट्झचे स्फटिक वापरून केलेले फिल्टर असत आणि प्रत्येक रुंदीसाठी वेगळा फिल्टर विकत घ्यावा लागे. आजच्या अनेक ग्राहींत हे काम आकडेमोडीने होते आणि एक बटण फिरवून हवी ती रुंदी मिळते. बोलणे ऐकण्यासाठी सुमारे २४०० हर्ट्झ रुंदी लागते. मोर्सच्या कट्ट-कडकट्ट संकेतांना ५०० किंवा २५० हर्ट्झ पुरतात.

पागोळी किती जाड?

आता तुम्ही म्हणाल, “सर, संदेश म्हणजे एकच सूर असेल तर त्याची रुंदी शून्य! मग फिल्टर हवा तितका अरुंद का करू नये?” प्रश्न चांगला आहे. त्याचे उत्तर शाळेच्या प्रयोगशाळेतच मिळेल.

२५६ हर्ट्झचे दोन नादकाटे घ्या. एकाच्या भुजेला थोडे मेण चिकटवा. त्याची कंप्रता किंचित कमी होईल. समजा ती २५४ झाली. दोन्ही नादकाटे एकदम वाजवले की आवाज सेकंदाला दोन वेळा लहानमोठा होतो. ही विस्पंदे तुम्ही अभ्यासली असतील. विस्पंदांवरून आपल्याला कळते की हे सूर वेगळे आहेत. पण समजा, मी तुम्हाला हे दोन सूर फक्त एक दशांश सेकंद ऐकवले, तर? एवढ्या वेळात एकही विस्पंद पुरे होणार नाही आणि सूर एक आहेत की दोन, हे तुम्हाला सांगता येणार नाही. दोन हर्ट्झचा फरक ओळखायचा तर सुमारे अर्धा सेकंद ऐकायलाच हवे.

यातून एक नियम निघतो. जो सूर थोडाच वेळ वाजतो, त्याची कंप्रता एका बिंदूवर नसते, ती पसरते. सूर जितके सेकंद टिकतो, त्या संख्येने एकाला भागा. जे उत्तर येईल, सुमारे तितके हर्ट्झ तो रुंद असतो. एक दशांश सेकंदाचा सूर सुमारे १० हर्ट्झ रुंद, एक शतांश सेकंदाचा सुमारे १०० हर्ट्झ रुंद. संदेश जितका घाईने पाठवाल, तितकी पागोळी जाड होईल. पुढे वरच्या वर्गांत तुम्ही हायझेनबर्ग यांचे १९२७ सालचे अनिश्चिततेचे तत्त्व शिकाल, तेव्हा हे गणित पुन्हा भेटेल. त्यालाही हाच पाया आहे.

झोक्याचा धडा

हीच गोष्ट फिल्टरच्या बाजूने पाहू. अंगणातल्या झोक्यावर मुलाला बसवून योग्य वेळी ढकलत राहिले की झोका हळूहळू उंच जातो. एका ढकलण्याने तो उंच जात नाही आणि ढकलणे थांबवले तरी लगेच थांबत नाही. अरुंद फिल्टर हा असाच झोका आहे. ठराविक कंप्रतेलाच तो दाद देतो; पण पूर्ण दाद द्यायला त्याला वेळ लागतो आणि सूर थांबल्यावरही तो घंटेसारखा घुमत राहतो. किती वेळ? पुन्हा तोच नियम. ५० हर्ट्झ रुंदीच्या फिल्टरला सुमारे एक पन्नासांश सेकंद, म्हणजे २० मिलिसेकंद. २५० हर्ट्झच्या फिल्टरला सुमारे ४ मिलिसेकंद.

सूर जर २२ मिलिसेकंदच टिकत असेल आणि फिल्टरला जागे व्हायलाच २० मिलिसेकंद लागत असतील, तर काय होईल? फिल्टर जेमतेम जागा होतो तोच पुढचा सूर दाखल! आधीच्या सुराचे घुमणे नव्या सुरात मिसळते आणि अक्षरांचा काला होतो. बाटलीच्या तोंडाबाहेर पागोळी सांडते, ती अशी.

तीन पद्धती, तीन पागोळ्या

आता प्रत्यक्ष वापरातील तीन पद्धती घेऊन आपला नियम तपासून पाहू.

पहिली पद्धत रेडिओ टेलिटाइप. तारायंत्राच्या काळातील टेलिप्रिंटर रेडिओला जोडून हौशी लोक ती वापरत. आज तेच काम संगणक करतो. यात दोन सूर असतात आणि त्यांच्यात १७० हर्ट्झचे अंतर असते. एक सूर म्हणजे ‘एक’, दुसरा म्हणजे ‘शून्य’. प्रत्येक सूर २२ मिलिसेकंद टिकतो. म्हणून तो सुमारे ४५ हर्ट्झ रुंद. दोन सुरांमधले अंतर १७० आणि प्रत्येक सुराची रुंदी धरून एकूण पट्टा सव्वादोनशेच्या आसपास जातो. बाजूंना थोडी मोकळीक ठेवली की २५० ते ३०० हर्ट्झचा फिल्टर योग्य ठरतो. गर्दी नसेल तर ५०० हर्ट्झचाही चालतो. १०० हर्ट्झचा मात्र चालणार नाही. त्यात दोनांपैकी एक सूर बाहेरच राहील!

दुसरी पद्धत पीएसके-३१. इंग्लंडमधील हौशी रेडिओचालक पीटर मार्टिनेझ यांनी ती तयार केली आणि १९९८ च्या अखेरीपासून ती जगभर पसरली. यात सूर एकच. पण त्याच्या लहरीची कला उलटी करून ‘शून्य’ कळवतात आणि तशीच ठेवून ‘एक’. सेकंदाला ३१.२५ संकेत जातात, म्हणजे एका संकेताला ३२ मिलिसेकंद. कला उलटवताना आवाज सावकाश शून्यावर आणून पुन्हा वाढवतात, म्हणजे धक्का बसून पट्टा पसरत नाही. त्यामुळे संदेशाचा जवळजवळ सगळा भाग साठ-एक हर्ट्झमध्ये मावतो. हा वेग का निवडला? माणूस हाताने टंकलेखन करतो, त्याला तो पुरेसा होतो म्हणून. माणूस जितक्या वेगाने लिहितो त्याहून घाईने पाठवायचे कशाला? जास्त घाई म्हणजे जाड पागोळी, जाड पागोळी म्हणजे मोठे भांडे, आणि मोठे भांडे म्हणजे जास्त पाऊस.

तिसरी पद्धत एफटी-८. २०१७ साली ती अमेरिकेतील स्टीव्ह फ्रँके आणि ज्यो टेलर यांनी तयार केली. दोघांच्या आडनावांची आद्याक्षरे तिच्या नावात आहेत. हे टेलर म्हणजे कोण, माहीत आहे? रसेल हल्स यांच्यासह त्यांनी १९७४ साली एका जोडताऱ्यातील स्पंदक तारा शोधला आणि १९९३ साली दोघांना पदार्थविज्ञानाचे नोबेल पारितोषिक मिळाले. गोंगाटात बुडालेले आकाशातील ठोके शोधणारा हा शास्त्रज्ञ हौशी रेडिओचाही तितकाच शौकीन!

एफटी-८ मध्ये आठ सूर आहेत. प्रत्येक सूर ०.१६ सेकंद वाजतो. नियम लावा : १ भागिले ०.१६ म्हणजे ६.२५ हर्ट्झ. आणि खरोखरच दोन शेजारच्या सुरांमधले अंतर नेमके ६.२५ हर्ट्झ ठेवले आहे. आठ सूर गुणिले ६.२५ म्हणजे ५० हर्ट्झ. एका संदेशात असे ७९ सूर एकामागून एक वाजतात. ७९ गुणिले ०.१६ म्हणजे १२.६४ सेकंद. १५ सेकंदांच्या एका पाळीत हा संदेश बसतो. एवढ्या वेळात जाणारा मजकूर अगदी तोकडा असतो : कोणी कोणाला हाक मारली, तो कुठला आहे आणि आवाज किती क्षीण आला, बस्स. पण तो किती क्षीण असला तरी चालतो, हे ऐकून थक्क व्हाल. २५०० हर्ट्झच्या पट्ट्यातील गोंगाट संदेशाच्या सुमारे सव्वाशेपट असला, तरी संगणक संदेश वाचू शकतो. रेडिओच्या भाषेत याला वजा २१ डेसिबेल म्हणतात. कानाला तिथे नुसता खस्स् आवाज येतो.

ही जादू नाही. आपल्या पागोळीचाच हिशेब आहे. २५०० हर्ट्झमध्ये ६.२५ हर्ट्झच्या ४०० चिंचोळ्या पट्ट्या बसतात. एका पट्टीच्या वाट्याला गोंगाटाचा चारशेवा हिस्साच येतो. सव्वाशे भागिले चारशे म्हणजे सुमारे ०.३. म्हणजे सूर ज्या पट्टीत वाजतो आहे, तेवढ्याच पट्टीत डोकावले तर गोंगाट सुराच्या एक तृतीयांशही नाही! राहिलेल्या चुका दुरुस्त करायला संदेशात जादा खुणांची सोय केलेली असते.

गच्चीवरचा प्रसंग

आता तो प्रसंग सांगतो. आमच्या महाविद्यालयाच्या गच्चीवर पाण्याच्या टाकीपासून आंब्याच्या फांदीपर्यंत आम्ही एक तार ताणली आहे. एका संध्याकाळी अकरावीची पाच-सहा मुले-मुली जमली होती. ग्राही १४.०७४ मेगाहर्ट्झवर लावला होता आणि संगणकाच्या पडद्यावर एफटी-८ ची केंद्रे एकाखाली एक उमटत होती. त्यांत न्यूझीलंडचे एक केंद्र होते. त्याच्यापुढे आकडा होता वजा १९. म्हणजे अगदी काठावर.

मी ऐटीत म्हणालो, “आता गंमत पाहा. मी फिल्टर २५० हर्ट्झ करतो. गोंगाट एक दशांश होईल आणि हे केंद्र खणखणीत येईल.” महाविद्यालयात असताना मी मोर्स शिकलो, तेव्हापासून ‘फिल्टर जितका अरुंद तितका चांगला’ हे मनात पक्के बसले होते. वर्गातही मी तेच सांगत आलो होतो.

फिल्टर अरुंद केला. पडद्यावरची बाकीची सारी केंद्रे नाहीशी झाली. न्यूझीलंडचे केंद्र राहिले. पण त्याचा आकडा पुढच्या दोन-तीन पाळ्यांत वजा १९ च्याच आसपास घुटमळत राहिला. खणखणीत वगैरे काही नाही!

एका मुलीने विचारले, “सर, पाऊस दहापट कमी झाला, मग पागोळी जास्त स्वच्छ का झाली नाही?” मी गप्प झालो. मग आम्ही सगळ्यांनी मिळून फळ्यावर आकृती काढली आणि उत्तर सापडले. संगणकाने आधीच प्रत्येक पागोळीखाली एकेक तांब्या ठेवलेला होता! सगळा पट्टा आत घेऊन तो आकडेमोडीने त्याच्या चिंचोळ्या पट्ट्या करतो आणि प्रत्येक पट्टी वेगळी तपासतो. एका पट्टीतला गोंगाट दुसऱ्या पट्टीत मिसळतच नाही. मग दूरच्या पट्ट्यांमधला गोंगाट मी ग्राहीत अडवला काय आणि न अडवला काय, त्या एका तांब्यातल्या पाण्यात फरक पडणार कसा? उलट, ग्राही सगळा पट्टा ऐकत असताना पन्नास-पन्नास हर्ट्झची कितीतरी केंद्रे एकदम वाचता येत होती. ती मी उगाच घालवली.

मोर्समध्ये माझा नियम बरोबर वाटत होता, कारण तिथे फिल्टरच्या पुढे कान होता. इथे फिल्टरच्या पुढे दुसरा, कितीतरी बारीक फिल्टर होता.

दांडगा शेजारी

गोष्ट इथेच संपली असती, तर ‘फिल्टर नेहमी रुंद ठेवा’ असा नवा अर्धवट नियम करून आम्ही घरी गेलो असतो. पण थोड्या वेळाने गावातल्याच एका हौशी रेडिओचालकाने त्याच पट्ट्यात प्रक्षेपण सुरू केले. आमच्यापासून जेमतेम तीन किलोमीटरवर! पडद्यावर एक जाड, झगझगीत रेघ उमटली आणि बाकीचा पडदा अंधारला. न्यूझीलंड गेले, इतर क्षीण केंद्रेही गेली. पुढच्या पाळीत तो गप्प राहिला की केंद्रे परत दिसत. तो बोलला की पुन्हा गुप्त.

कारण असे. ग्राहीत आवाज आपोआप सांभाळणारी एक योजना असते. तिला ‘ऑटोमॅटिक गेन कंट्रोल’ म्हणतात. मोठा आवाज आला की ती सगळ्याचीच पट्टी खाली आणते. वर्गात एक मुलगा ओरडू लागला म्हणून गुरुजींनी ध्वनिक्षेपकच बारीक करावा आणि मागच्या बाकावरच्या मुलाचा प्रश्न कोणालाच ऐकू येऊ नये, तसे हे होते. शिवाय संगणकात जाण्याआधी लहरींचे आकड्यांत रूपांतर होते. तिथे मोजण्याची पट्टी ठराविक लांबीची असते. दांडग्या केंद्राने ती व्यापली की क्षीण केंद्राच्या वाट्याला तिचे एक घरसुद्धा धड येत नाही. जे आत आलेच नाही, ते संगणक कितीही हुशार असला तरी शोधणार कुठून?

मघाची तीच मुलगी म्हणाली, “सर, आता फिल्टर अरुंद करून पाहू या ना!” दांडगा शेजारी पट्ट्यात ८०० हर्ट्झपाशी होता आणि न्यूझीलंड २१०० हर्ट्झपाशी. आम्ही २१०० भोवती २५० हर्ट्झचा फिल्टर लावला. शेजारी बाहेर राहिला, आवाजाची पट्टी पूर्ववत झाली आणि पुढच्याच खेपेला न्यूझीलंडचे केंद्र पडद्यावर हजर झाले. तासापूर्वी ज्या बटणाने काहीच साधले नव्हते, त्याच बटणाने आता हरवलेला संदेश परत आणला होता.

मग नियम कोणता?

ग्राहीतला फिल्टर आणि संगणकातला फिल्टर यांची कामे वेगळी आहेत. गोंगाटाच्या पावसातून पागोळी वेगळी करणे हे संगणकाचे काम. ते तो उत्तम करतो. दांडग्या शेजाऱ्याला दारातच अडवणे हे ग्राहीच्या फिल्टरचे काम. ते संगणकाला करता येत नाही, कारण शेजारी त्याच्यापर्यंत पोहोचला तेव्हा नुकसान झालेले असते. म्हणून शांत वेळी ग्राहीचा फिल्टर रुंद ठेवावा. शेजारी दांडगाई करू लागला की तो बाहेर राहील इतपत अरुंद करावा; पण कितीही झाले तरी संदेशाच्या स्वतःच्या रुंदीपेक्षा अरुंद कधी करू नये. आणि ती रुंदी किती, हे संदेशाचा वेग ठरवतो.

जाता जाता एक गणित देतो. टेलर यांनीच २००८ साली प्रसिद्ध केलेल्या ‘व्हिस्पर’ नावाच्या पद्धतीत चार सूर आहेत आणि प्रत्येक सूर ०.६८३ सेकंद टिकतो. दोन सुरांमधले अंतर आपल्या नियमानेच ठरवले आहे. तर पूर्ण संदेशाला किती हर्ट्झची पट्टी लागेल? आणि असे १६२ सूर पाठवायला किती वेळ लागेल? आधी स्वतः सोडवा, मगच पुढची ओळ वाचा.

उत्तर : सुमारे ६ हर्ट्झ आणि सुमारे १११ सेकंद. एवढ्याशा पट्टीत गोंगाट किती कमी येईल, आणि त्यासाठी घाई किती सोडावी लागली, याचा विचार तुम्हीच करा.